वेळेचा रकाना

घाटंजीच्या पंचायत समितीत
सभागृहाचं कुलूप उघडायलाच अकरा वाजले.
तोवर पोरं पायरीवर बसून,
आया भिंतीच्या सावलीसोबत सरकत.
मी पिशवीतून सामान काढलं:
नट, बोल्ट, भोकांची फळी,
तीन रंगांचे मणी
आणि कार्यालयाचं चावीचं घड्याळ,
पाठीवर लाल रंगात नोंद क्रमांक.

फॉर्म सहा पानी.
चौथ्या पानावर कामाचा वेग.
त्यावरून ठरतं
कोणाला शिवणवर्ग, कोणाला बीजभांडवल
आणि कोणासमोर लिहायचं
'घरीच सांभाळणे योग्य'.
हे वाक्य मी घडवलेलं नाही,
पण माझं अक्षर त्यात छान बसतं.

पहिला लोकेश जुमनाके, वय अठरा.
उजवा हात छातीशी दुमडलेला.
डाव्यात बोल्ट धरला, नट दातांत.
"दात चालते का, मॅडम?"
नियमावलीत दातांचं काहीच नव्हतं.
चालतात, म्हटलं.
दोन मिनिटं चोपन्न सेकंद.
तीनच्या आत. पास.

त्याची आई दारातूनच बोलली,
"एकोणीस बकऱ्या वळते हा.
एकबी हारपली नाई आजलोक.
ते नाई का लिहीत कुठी?"
"बकऱ्या इथं नाहीत ना," मी म्हणाले,
आणि माझंच मला ऐकू आलं.

मग अंकित चव्हाण.
मणी रंगांप्रमाणे वेगळे करायचे होते.
त्यानं लाल आईला दिले, पिवळे मला,
हिरवे स्वतःच्या खिशात.
मी लिहिलं: सूचना समजत नाही.
खोडलं.
जेवणानंतर परत तेच लिहिलं.

असे अकरा झाले. बारावी त्रिशला गेडाम,
डोळ्यांनी काहीच दिसत नाही, प्रमाणपत्र शंभर टक्क्यांचं.
फळीवर बोटं फिरवली, भोकं मोजली,
आणि अर्ध्यावरच थांबली.
"मॅडम, तुमचं घड्याळ अडखळते.
मधातच एखादी टिकटिक गिळते."
"कधीपासून?"
"लोकेशच्या येळेपासनं.
मले वाटलं, सरकारी हाये तर असंच असन."

कानाशी धरलं.
मला पंखा ऐकू आला, झेरॉक्सचं यंत्र,
आवारात कोणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं.
मग मोबाइल शेजारी ठेवून पाहिलं:
एका मिनिटाला नऊ सेकंद मागं.

म्हणजे अकराही जण
कागदावर होते त्याहून चपळ.
लोकेश हसला, "मंग आपला फायदाच झाला ना!"
कोणीतरी आई म्हणाली, "राहू द्या, बाई."
मलाही वाटलं, राहू द्यावं.
पाच वीसची यवतमाळ गाडी,
त्यानंतर थेट सकाळचीच.

त्रिशलाला विचारलं, का सांगितलंस?
फळीतली खुंटी काढत, परत घालत ती म्हणाली,
"माह्या येळेलेबी गिळलीच असती ना.
मंग मले कसं समजलं असतं,
म्या खरंच किती जोरात हाओ ते?"

अकरा फॉर्मची चौथी पानं
मी आडवी रेघ मारून रद्द केली.
मोबाइल टेबलावर उभा केला
आणि परत पहिल्यापासून.
शिपायानं किल्ल्या दोनदा वाजवल्या.
मग तोही बाकावर बसून बघू लागला.

लोकेशनं नट दातांत धरला.
या खेपेला कोणी बोललं नाही.
तीन मिनिटं चार सेकंद.

चार.
एवढ्या वेळात बकरी मान वळवत असेल.
एवढ्यात मी सही करते.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, निघून गेला.
सहाव्या पानावर 'तपासणाऱ्याचे मत',
ठिपक्यांच्या दोन ओळी.
मी आधी आकडा लिहिला, खरा.
पुढं लिहीत गेले, ओळी संपल्या,
पान उलटलं,
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
बकऱ्या एकोणीस
आणि दाराकडे बघून विचारलं,
"कुठल्या रानात नेतो? किती वाजता निघतो?
सांगा, सावकाश सांगा."